भिंतीसकट फोटो

माय,

आधी तुला ब्लॉग म्हणजे काय ते सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. समज, माझ्या दाराबाहेर एक फळा आहे. मी इथं नांदेडात त्याच्यावर लिहिते आणि पुण्यातली, हैदराबादेतली एखादी बाई आपल्या स्वयंपाकघरात उभी राहून हातातल्या मोबाईलवर ते वाचते. आवडलं तर खालच्या बटणावर बोट ठेवते आणि तिची मागणी माझ्याकडे येते. एवढंच. मी तुझा येसर असा विकते. जोडीला कारळाची चटणी, जवसाची चटणी, काळं तिखट. पण लोक फिरून येतात ते येसरासाठी.

मी ज्या दवाखान्यात पेशंटचे नंबर लावायच्या कामाला बसायचे, तो बंद झाला. डॉक्टर मुलाकडे राहायला गेले. तुझे जावई म्हणाले, थोडे दिवस आराम कर. पण तुझ्या पोटची मी, बसून राहणं मला कुठलं जमायला. मी डाळ भाजायला घेतली. आधी शेजारी दिलं, मग बचत गटाच्या स्टॉलवर ठेवलं, आणि स्टॉलवरून न्यायला लागलेल्या बायकांचे फोन यायला लागले. आमच्याकडच्या बायांना येसर सांगावा लागत नाही. पण बाहेरच्यांना आमटीला लावायचं हे भाजक्या डाळी-गव्हाचं पीठ म्हणजे नुसता मसाला वाटतो. कुणी तो फोडणीत कोरडाच घालायची, कुणी भाजीवर भुरभुरायची, आणि मग आमटी झालीच नाही म्हणून मला विचारायची. मी प्रत्येकीला पहिल्यापासून सांगायची: गार पाण्यात कालवा, गुठळी मोडा, आधणाला उकळी आली की धार धरून ओता आणि हात थांबवू नका. वजिराबादेत माझ्या मैत्रिणीचं लग्नपत्रिका छापायचं, टायपिंगचं दुकान आहे. ती एकदा माझं हे फोनवरचं बोलणं ऐकत बसली होती. मी फोन ठेवल्यावर म्हणाली, "अगं, किती वेळा तेच ते सांगशील? एकदा लिहून ठेव. ब्लॉग काढू तुझा. विचारलं की लिंक पाठवायची."

मग आम्ही दुपारी तिच्या दुकानात बसायला लागलो. तयार साचे मिळतात, त्यातला एक घ्यायचा आणि आपल्यासारखा करून घ्यायचा. पहिला साचा उघडला तर वर हे एवढं मोठं केकचं चित्र. ते काढून तिथं येसराच्या वाटीचा फोटो घातला. तो मी आमच्या खिडकीत सकाळच्या उजेडात काढला होता. मागचा रंग गुलाबी होता, तो बदलून भाजलेल्या डाळीसारखा केला. तेवढ्या एका रंगासाठी आमची अर्धी दुपार गेली. ती म्हणायची, हा घे, मी म्हणायची, ही डाळ करपली. अक्षरांचं आणखी वेगळंच. कॉम्प्युटरवर चांगली दिसायची आणि मोबाईलवर जोडाक्षरं तुटायची. 'चटण्या' या शब्दातला ण्या फुटून निराळाच दिसायचा. तीन-चार वळणांची अक्षरं लावून बघितली तेव्हा एक नीट बसलं. मागणीचं बटण खाली होतं ते वर आणलं, कारण लोक तळापर्यंत जात नाहीत म्हणे. येसर कसा वापरायचा, कसा टिकवायचा, कुठल्या डाळीच्या आमटीला किती घालायचा, अशी एकेक पानं झाली. मला मजा वाटायला लागली होती, माय. मी आयुष्यात एवढं कधी लिहिलं नव्हतं.

एकच पान राहिलं होतं. त्याला म्हणतात, आमच्याविषयी. मैत्रिणीनं माझ्यासाठी मजकूर तयारच ठेवला होता. त्यात एक आजी होती, नथ घातलेली, नऊवारी नेसलेली, जात्यावर दळणारी, आणि पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा होती. मी म्हटलं, "ही कोण?" ती हसली. "सगळे असंच टाकतात गं." मी पर्समधून तुझा फोटो काढून तिच्यापुढं ठेवला. भावाच्या साखरपुड्याला आलेल्या फोटोवाल्यानं जाता जाता काढलेला. औशातल्या आपल्या घरात तू चुलीपुढं बसलीस, हातात उलथनं आहे, डोक्यावरचा पदर मागं सरकलाय, आणि मागच्या भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर आणि तिच्या बाजूला बुद्धाचं कॅलेंडर. तुझा एवढा एकच चांगला फोटो आहे.

तिनं तो स्कॅन केला, मोठा केला, बराच वेळ बघितला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मागचं उडवू का? नुसतं पांढरं करते. चेहरा उठून दिसेल."

मला कळलं होतं आणि मला कळलंय हे तिलाही कळलं होतं. मग तीच म्हणाली, "हे बघ, राग मानू नको. तू माझ्या घरी जेवतेस, मी तुझ्या घरी जेवते. पण ही खायची वस्तू आहे. मी दुकानात बसून लोकांचं बोलणं ऐकते. तोंडावर कुणी काही म्हणत नाही, आडनाव वाचतात आणि मागच्या मागं फिरतात. आत्ता कुठं तुझं बस्तान बसायला लागलंय."

ती खोटं बोलत नव्हती. मी म्हटलं, राहू दे आज. ते पान मसुद्यात तसंच राहिलं, आणि मी घरी येऊन भाकरी थापता थापता मनानं तू कामाला होतीस त्या पोरांच्या वसतिगृहात जाऊन पोचले.

आवाराच्या मागं पत्र्याचं शेड, दोन मोठ्या चुली, बाजूला हौद. शाळा सुटली की मी थेट तिथं येते आणि हौदाच्या कट्ट्यावर बसून तुझी वाट बघते. तू आणि पोरं जिला मावशी म्हणतात ती बाई, दोघी मिळून सगळ्या पोरांचा स्वयंपाक करता. भाकरी मावशीच्या, आमटी तुझी. एक दिवस संस्थेतले कुणी मोठे माणूस येतात, पोरांच्या पंगतीत बसतात, आमटी दोनदा मागून घेतात. उठताना विचारतात, कुणी केली? तू पदर सावरून पुढं होतेस. नाव विचारतात, गाव विचारतात, मग आडनाव विचारतात. तू सांगतेस. ते मान हलवतात आणि हात धुवायला जातात. दोन-तीन दिवसांनी तिथले सर तुला बाजूला बोलावून म्हणाले, "बाई, उद्यापासून तुम्ही भांड्यांचं बघा. चुलीकडं त्या बघतील." तू विचारलंस, "काय चुकलं का, सर?" ते म्हणाले, "चुकलं काही नाही." त्या दिवशी घरी येताना तू माझा हात नेहमीपेक्षा घट्ट धरला होतास.

मला वाटलं होतं तू काम सोडशील. तू नाही सोडलंस. हौदाशी बसून ताटं घासायला लागलीस. मावशीची आमटी पातळ व्हायची, पोरं ती तशीच टाकून उठायची, आणि टाकलेलं सगळं तुझ्यापुढं यायचं. मावशीची जात वरची, तिच्या घरून आपल्या गल्लीत कधी कुणी आलेलं नव्हतं. पण एका संध्याकाळी ती आपल्या दारात येऊन उभी राहिली.

"तुझ्यासारखी व्हइना मला," ती म्हणाली. "पोरं ताटं तशीच सारून राहिले."

तू सुपातले खडे वेचत होतीस. वर न बघता म्हणालीस, "माझ्या हातचं चालत न्हाई म्हणले ना तुमचे लोक."

"त्यांचं मला सांगू नको. मला येसर शिकव."

तू बराच वेळ खडे वेचत राहिलीस. मग सरकून जागा केलीस आणि म्हणालीस, "बसा मग. दारात उभं राहून येसर येत न्हाई."

ती आत आली. तुझ्याशेजारी बसून तिनं डाळ भाजली, गहू भाजले, धने, दगडफूल, खोबरं. दोनदा करपवलं. तू दोन्ही वेळा ते बाजूला काढून पुन्हा घ्यायला लावलंस. शेवटी तू आमटी केलीस, आणि ती तुझ्या ताटातली भाकर मोडून तुझ्यासोबत जेवली. मी चुलीपलीकडून बघत होते. पण येसर काही तिच्या हाताला बसला नाही. मग तूच तो करून द्यायला लागलीस. फडक्याची पुरचुंडी आपल्या घरून जायची, मावशी आमटीत कालवायची, आणि चूल न शिवता तू त्या सगळ्यांना जेवू घालत राहिलीस. मी एकदा चिडून म्हटलं, त्यांनी तुला चुलीवरून उठवलं, तरी तू कशाला देतेस? "लई बोलू नको," म्हणालीस. "ताटं रिकामी येऊन राहिली आता. मला घासाय सोपं जातं."

यातलं काय पानावर घालायचं आणि काय नाही, ते मला ठरवता येईना. तुला विचारता येत नव्हतं म्हणून मी मावशीला विचारायला गेले. ती आता लातूरला मुलाकडे असते. नांदेडहून बसनं निघाले, दुपारी पोचले. सुनेनं दार उघडलं. मावशी कॉटवर बसली होती. कान गेलेत, नजर शाबूत आहे. मला बघून लगेच म्हणाली, "तू तिची धाकटी. कपाळ तिचंच हाय." मी मोबाईलवर ब्लॉग दाखवला, मग तुझा फोटो दाखवला, आणि मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, की मैत्रीण म्हणते मागची भिंत काढून टाकू.

तिनं मोबाईल डोळ्यांजवळ नेला. "भिंत कायला काढता?" म्हणाली. "मी त्याच भिंतीला टेकून जेवले."

सून चहा घेऊन आली तर तिलाही तिनं फोटो दाखवला. मग मला म्हणाली, "पोरं म्हणायचे, मावशी, आमटी लई भारी. मी हाव म्हणायची. एकदाबी तिचं नाव घेतलं न्हाई मी. ती तिथंच भांडे घासत असायची, तिला ऐकू जायचं. तेवढं लिव्ह तू."

मी म्हटलं, "तुमचं नाव घालू?"

"नको घालू." मग चहा बशीत ओतून गार करता करता तिचा विचार बदलला. "न्हाई, घाल. या वयात माझं कोण काय करून राहिलंय?" सुनेनं माझ्याकडे बघितलं, आणि मी नजर खाली घेतली. निघताना ठरवलं की मावशी एवढंच लिहायचं. तिला त्याच घरात राहायचं आहे.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले आणि मैत्रिणीला म्हटलं, भिंतीसकट लाव. तिनं माझा चेहरा वाचला आणि वाद घातला नाही. कडेला थोडी चौकट घातली, फोटो जरा उजळ केला. तसबीर अंधारात होती ती त्यामुळं स्पष्ट दिसायला लागली. खाली मी माझं नाव आडनावासकट लिहिलं, आणि तुझं. हौद लिहिला, ताटं लिहिली, पुरचुंडी लिहिली. संस्थेचं नाव लिहिलं नाही. मैत्रिणीनं माऊस माझ्या हातात दिला. "तूच दाब," म्हणाली. मी दाबलं. काहीच झालं नाही. पंखा फिरत होता, बाहेर एक माणूस पत्रिकांचे नमुने चाळत होता.

मग हळूहळू जे व्हायचं ते झालं. आमच्याच कॉलनीतली एक बाई, दर महिन्याला येसर नेणारी, तिनं निरोप पाठवला, सध्या नको ताई, सून घरीच करते. असेलही. मी तिला रस्त्यात भेटले तर विचारत नाही, तीही नेहमीसारखी बोलते. आणखी दोघी-तिघी न सांगता थांबल्या. ते लागलं मला, लागलं नाही असं तुला कशाला सांगू. "मी सांगितलं होतं ना," असं मैत्रीण एकदाही म्हणाली नाही; उलट तिच्या दुकानात येणाऱ्यांना ती माझी लिंक देते. आणि हदगावची एक नर्स, आता दूर कुठंतरी नोकरीला आहे, तिनं मागणीसोबत लिहिलं, ताई, फोटोतली भिंत बघून आमचं घर आठवलं. तिनं तिच्या सोबतच्या बायकांना सांगितलं, त्या घ्यायला लागल्या. आता पहिल्यापेक्षा थोडं जास्तच जातं. पण ते जास्त जात नसतं तरी मी पान बदललं नसतं, असं मला वाटतं. किंवा बदललंही असतं. घर चालवायचं असतं तेव्हा माणसाचं सांगता येत नाही.

परवा त्या पानाखाली एका माणसाचं लिहिणं आलं. उमरीकडं शिक्षक आहेत. लहानपणी त्या वसतिगृहात होते. त्यांनी लिहिलंय, "आम्ही आमटी परत मागायला गेलो की हौदापाशी बसलेल्या बाई मान खाली घालून हसायच्या. आम्हाला वाटायचं, या आपल्या खादाडपणाला हसतात. त्या का हसायच्या ते आज समजलं. त्यांना माझा नमस्कार सांगा."

माय, तू हसायचीस हे मला माहीत नव्हतं. मी रोज त्या कट्ट्यावर असायची, पण तुझ्या पाठीमागं. तुझं तोंड पोरांकडं असायचं. मी तर इतकी वर्षं समजून होते की तू तिथं मान खाली घालून अपमान गिळत होतीस.

नमस्कार सांगा असं त्यांनी लिहिलं, तो गैरसमज माझ्यामुळंच झालाय. त्या पानावर मी तुझ्याविषयी सगळं चालू काळात लिहिलंय. आई डाळ अशी भाजते, आई येसर हातानं चाळते, आई खोबरं शेवटी घालते. कृती लिहिता लिहिता ते तसंच येत गेलं, आणि नंतर वाचताना दिसलं तरी मी ते बदललं नाही. तू गेलीस त्याला किती काळ झाला हे त्या माणसाला कसं कळणार? मी त्यांना उत्तर लिहायला बसले. आई आता नाही, एवढं टाइप केलं, आणि पुसलं. मग फक्त "सांगते" असं लिहून पाठवून दिलं.