पोलिसाला आई काय म्हणाली

बाबा, मागच्या मंगळवारी आमच्या यार्डात पोलीस आला होता, माझ्याशी बोलायला. दचकू नका, मी काही केलेलं नाही. म्हणजे या वेळी नाही. आमच्या फोरमनना शॉटगनचा परवाना हवाय. साठीचे गृहस्थ आहेत, गावाकडच्या त्यांच्या भातात रानडुकरं धुडगूस घालतात. म्हणून पोलीस त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या एकेकाला बाजूला घेऊन विचारत होता. दारू पितात का, कोणाशी वाकडं आहे का, रागावतात का. या शेवटच्या प्रश्नावर मी अडकलो. जुन्या गाड्या धुऊन, तपासून, बोटीवर चढवण्याआधी ओळीत लावायच्या हे माझं काम. शेवटी म्हणालो, "गाडी हँडब्रेक न लावता सोडली की ओरडतात. मग स्वतःच कॅनमधली कॉफी आणून हातात देतात." हे एवढंसं बोलायला मला इतका वेळ लागला की पोलीस म्हणाला, सावकाश बोला, घाई नाही. त्याला वाटलं माझं जपानी कच्चं आहे. माझं जपानी कधीच कच्चं नव्हतं, बाबा, हे तुमच्याइतकं कोणाला माहीत असणार?

तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली. आपण इथे आलो ते भूकंपाच्या पुढच्या वर्षी. बाकीची भारतीय कुटुंबं मुलंबाळं घेऊन परत गेली होती आणि तुमच्या कंपनीला इकडे यायला माणूस मिळत नव्हता. तुम्ही "मी जातो" म्हणालात. उरायासूत समुद्राच्या बाजूला घर मिळालं. तिथल्या जमिनीचा भूकंपात चिखल झाला होता. रस्ते बसले होते आणि गटारांची झाकणं रस्त्याच्या वर वीतभर उभी होती. आई म्हणायची, "इथे माणसं नीट उभी आहेत, रस्तेच तेवढे कललेत." तुम्हाला मात्र हा देश पहिल्या दिवसापासून आवडला. कुठला कचरा कुठल्या वारी, याचा तक्ता तुम्ही देवघराच्या शेजारी लावला होता.

पुढे तुम्हाला इथलं ड्रायव्हिंग लायसन्स हवं झालं. मुंबईतलं तुमचं लायसन्स एका एजंटने घरी आणून दिलं होतं, आणि त्याच्यावर तुम्ही वीस वर्षं गाडी चालवली होती. इथे परीक्षकाने तुम्हाला तीनदा नापास केलं. पहिल्यांदा, गाडीत बसण्याआधी मागे वाकून पाहिलं नाही म्हणून. दुसऱ्यांदा, डावीकडे वळताना खांद्यावरून मागे नजर टाकली नाही म्हणून. तिसऱ्यांदा काय ते मला आठवत नाही, पण घरी येऊन तुम्ही चक्क हसत होतात. "अगं, परीक्षा घेतात इथे! खरीखुरी!" आई म्हणाली, "नापास झालात ना? मग पेढे कसले मागताय?" चौथ्यांदा पास झालात. त्यानंतर घरातल्या खुर्चीवर बसतानासुद्धा मी तुम्हाला मागे वळून बघताना पाहिलंय.

बंदुकीचं खूळ त्याच्याच पुढचं. कॉलेजात एनसीसीमध्ये तुम्ही नेमबाजी करायचात, ते पदक आईच्या बांगड्यांच्या डब्यात असायचं. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने तुम्हाला चिबाच्या डोंगरातल्या रेंजवर नेलं. हवेत उडणाऱ्या मातीच्या तबकड्या तो फोडत होता आणि तुम्ही दुपारभर हात मागे बांधून उभे होतात. परवान्याशिवाय माणसाला तिथे बंदुकीला बोटसुद्धा लावता येत नाही. घरी आलात ते पुस्तक घेऊनच. आधी दिवसभराचं व्याख्यान, मग लेखी परीक्षा. मग डॉक्टरचा दाखला, की डोकं ठिकाणावर आहे. मग पोलिसांच्या मुलाखती: तुमची, ऑफिसची, शेजाऱ्यांची, घरच्यांची. मग रेंजवरची परीक्षा. घरात पोलादी कपाट कुठे बसणार त्याचा नकाशा, गोळ्या वेगळ्या ठेवायच्या, वर्षातून एकदा बंदूक घेऊन पोलिसांकडे हजेरी. रेंजवर न्यायची तर खोळीत घालून, आणि वाटेत नजरेआड करायची नाही. "म्हणजे वाटेत चहाला उतरायचीसुद्धा चोरी," तुम्ही कौतुकाने म्हणालात. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "ह्यांच्या हातून झुरळ मरत नाही, निघाले बंदूक घ्यायला. आणि ते कपाट माझ्या डाळींच्या डब्यांच्या जागी येणार नाही, सांगून ठेवते." चार दिवसांनी तिनेच डबे हलवून जागा करून दिली.

तुमचे प्रश्न मीच घ्यायचो, आठवतं? संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर. मी वाचायचो, "बंदुकीत गोळी नाही याची खात्री असेल तर ती माणसाकडे रोखली तरी चालते. चूक की बरोबर?" तुम्ही घास हातात धरून डोळे मिटायचात. "चूक." "परवानाधारक आपली बंदूक सख्ख्या भावाला दिवसभरासाठी देऊ शकतो. चूक की बरोबर?" "चूक! ए, सोपे सोपे नको घेऊस." लेखीत तुम्ही पहिल्या फटक्यात पास झालात. वीस वर्षांचा होतो मी. आपल्या दोघांचं इतकं छान त्याआधी कधी जमलं नव्हतं, आणि नंतर तर नाहीच.

कारण मधे ती आली. आली कसली, होतीच. कासाईतल्या भारतीय दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहायची. गणपतीत ओळख झाली आणि माझं कॉलेजात लक्ष लागेनासं झालं. त्याच सुमारास तिच्या वडिलांची बदली अमेरिकेत झाली, अ‍ॅरिझोनाला. ती गेली, आणि मी रोज तिथल्या सकाळ-संध्याकाळ मोजत राहिलो. तिचे निरोप यायचे, हळूहळू कमी यायचे. एका निरोपात तिने लिहिलं, की तिचा मामेभाऊ कमरेला पिस्तूल लावून किराणा आणायला जातो आणि कोणी वळूनही बघत नाही. मी ते तुम्हाला जेवताना ऐकवलं, टोमणा म्हणूनच.

"एकवीस पूर्ण झाले की बस्स. बरोबर बाळगायला परवाना नाही, परीक्षा नाही. आणि तुम्ही इथे पोरासारखे प्रश्न पाठ करताय."

"आणि गाडी?"

"गाडीला लायसन्स लागतं की. परीक्षा असते."

"म्हणजे गाडीला परीक्षा, आणि पिस्तुलाला नुसतं वय?"

"त्यांच्या घटनेत आहे, बाबा. तो हक्क आहे. गाडी चालवणं हा हक्क नाही."

"असेल. त्यांचा देश, त्यांची घटना. पण समोरून चालत येणाऱ्याला त्याने काय फरक पडतो?" मग तुम्ही ताक प्यायलात आणि जे म्हणालात ते माझ्या डोक्यातून जात नाही. "माझी परीक्षा घेतली तेव्हा गाडी चांगलीच चालत होती रे. मीच मागे बघत नव्हतो. पण गाडीसाठी फक्त मला तपासलं, हिला कोणी विचारलं नाही. बंदुकीसाठी हिला विचारणार आहेत. मला हे जास्त पटतं. मी कसा आहे ते माझं मला काय कळणार? बरोबर राहतं त्याला कळतं."

त्यानंतरच्या एका रविवारी मी सांगितलं, की कॉलेज सोडलंय. तीन आठवडे झालेत, कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असलेल्या त्या दुकानात, पार्टटाइम करतोय, तिकिटापुरतं साठलं की अ‍ॅरिझोनाला जाणार. तुम्ही चहा गाळत होतात. "फी भरली तेव्हा तरी बोलायचंस," एवढंच म्हणालात. मी म्हणालो, "तुम्हाला कधी कोणावर प्रेम करायची हिंमत झाली नाही, तुम्हाला काय कळणार. तुम्ही नियम पाठ करा." आई आत पूजा करत होती, तिच्या कानावर गेलं असेल-नसेल. तुम्ही मला थोबाडीत मारलीत. आयुष्यात पहिल्यांदा. मग स्वतःच्या हाताकडे असं पाहिलंत, जणू तो दुसऱ्याच कोणाचा आहे, आणि गॅलरीत जाऊन उभे राहिलात. मी दोन दिवस तुमच्याशी बोललो नाही. तुम्ही माझ्या दारापर्यंत येऊन परत जायचात, ते मला खालच्या फटीतून दिसायचं.

बुधवारी सकाळी पोलीस आला. तुम्ही ऑफिसात, तुम्ही नसतानाच घरच्यांशी बोलायची त्यांची पद्धत. तुम्ही आदल्या दिवशी आईला बजावलं होतंत, "जे आहे ते सांग, माझी बाजू घेऊ नकोस." माणूस मध्यम वयाचा, अतिशय नम्र. बूट काढून ते वळवून दाराकडे तोंड करून ठेवले. आईने चहा आणि चिवडा ठेवला, तो चिवड्याकडे बघून दोनदा वाकला पण खाल्ला नाही. आईला जपानी येत नाही. मी मधे बसलो.

त्याने विचारलं, पती रागीट आहेत का, घरात कधी आवाज चढतो का, हात उचलतात का. मी आईला मराठीत सगळं नीट सांगितलं. आई पदराने कप पुसत हसायला लागली. "सांग त्यांना, बावीस वर्षांत माझ्यावर ओरडलेले नाहीत. राग आला की जेवत नाहीत आणि कपाट आवरायला घेतात. मोजे जोडीने लावतात. सांग, हसतील ते."

मी पोलिसाकडे वळलो आणि म्हणालो, "आई म्हणतेय, आवाज चढतो. कधी हातही उचलतात. अलीकडेच उचलला. सांगायला तिला जरा अवघड वाटतंय."

पोलिसाने आईकडे पाहिलं. आई हसली आणि तिने दोनदा मान डोलावली, तिच्या डोळ्यांपुढे मोज्यांचं कपाट. या देशात बायका दुखलेलं असंच हसून झाकतात, हे मला माहीत होतं. त्यालाही तेच दिसलं असणार. कोणावर, हे त्याने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. तो हळू आवाजात म्हणाला, "त्यांना म्हणावं, सांगितल्याबद्दल आभारी आहे." तेवढं मी बरोबर भाषांतर केलं.

दहा-बारा दिवसांनी तुम्हाला पोलीस ठाण्यात बोलावलं. इथे तोंडावर नाही म्हणत नाहीत. घरच्यांचं म्हणणं लक्षात घेता सध्या अर्ज मागे घेतलात तर बरं, असं काहीसं म्हणाले असावेत. तुम्ही घेतलात. आईला सांगितलंत, "ऑफिसात काम वाढलंय, नंतर बघू." आई म्हणाली, "बरं झालं, माझे डबे परत लावते." मला गॅलरीत गाठून विचारलंत, "त्या दिवशी पोलिसाला आई काय म्हणाली रे?"

मी म्हणालो, "जे विचारलं त्याचं उत्तर दिलं."

तुम्ही मान डोलावलीत. आणखी एक शब्द विचारला असतात तर मी सांगितलं असतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला ऐकवलं. पण तुम्ही कशाला विचाराल? बरोबर राहतं त्याला कळतं, हे तुमचंच म्हणणं. आईने सांगितलं म्हणजे तुम्ही तसेच असणार, हे तुम्ही मान्य करून टाकलंत. त्या दिवसापासून तुम्ही आईशी हलक्या आवाजात बोलायला लागलात. दार ढकलण्याआधी टकटक करायचात. तिच्या मागून जाताना आधी खाकरायचात, ती दचकू नये म्हणून. भाजीत मीठ कमी असलं तरी बोलायचं सोडून दिलंत. आई मला म्हणायची, "हे हल्ली माझ्याशी पाहुण्यासारखे वागतात रे. मी काही केलं का?" मी म्हणायचो, "वय झालं त्यांचं." तुम्ही दोघं भारतात, ठाण्याच्या घरी परत गेल्यावरही ते तसंच राहिलं, हॉस्पिटलातल्या शेवटच्या आठवड्यापर्यंत. पाणी हवं असलं तरी तुम्ही तिला "जमलं तर" म्हणायचात.

अ‍ॅरिझोनाला मी गेलो नाही. तिकिटाइतके पैसे जमायच्या आधीच तिचे निरोप थांबले. तिला आता दोन मुलं आहेत, बरं चाललंय म्हणे. तिच्यावर माझा राग नाही. कॉलेजात परत गेलो नाही, ते मात्र निव्वळ तुम्ही "परत जा" म्हणालात म्हणून.

आई फोनवर अजून विचारते. परवाच म्हणाली, "शेवटची दोन वर्षं ह्यांचं माझ्याशी काहीतरी बिनसलं होतं, ते काही मला कळलं नाही." मी म्हणालो, "जेवलीस का?" हे पत्र तिला दाखवावं असं रोज ठरवतो. तिला कळलं तर ती मला माफ करेल, आणि मग तुम्ही जिवंत असताना काय काय बोलायचं राहिलं ते आठवत बसेल. म्हणून दाखवत नाही. तुम्हाला पाठवायची सोय नाही आणि तिला द्यायची छाती नाही, तेव्हा हे वहीतच राहील.

एक राहिलं. तुम्ही सगळ्यांना सांगायचात, "पोरगं डोक्याने गरम आहे, मनाने वाईट नाही." मीही आजवर तेच धरून बसलोय, की रागाच्या भरात बोलून गेलो. पण बाबा, त्या बुधवारी मला राग नव्हता. मंगळवारी संध्याकाळीच तो गेला होता. तुम्ही दाराबाहेर उभे होतात तेव्हा उठून दार उघडावं असंही वाटलं होतं. पोलिसासमोर बसलो तेव्हा मी अगदी शांत होतो. अवघड या शब्दाला दोन जपानी शब्द सुचले, त्यातला जास्त सभ्य वाटला तो मी निवडला.