पास झालेल्यांचा ओटा

९ जानेवारी १९८४, सोमवार
सकाळी सातचा वर्ग. थंडीने खडू हातात धरवत नाही. नववीतली, इंग्रजीत कच्ची आणि घरची गरीब मुलं सरकारने या जादा वर्गात घातली आहेत. त्यांना खायला सुकडी, फुकट पुस्तक आणि मी. सुकडी सगळ्यांना आवडते. पुस्तकही बरं आहे म्हणतात. माझ्याबद्दल कोणी काही बोलत नाही.
सुरगाण्याकडचा मंगळू, वसतिगृहात राहतो, त्याने विचारलं, "बाई, नागलीला इंग्रजीत काय म्हणायचं?" नागली म्हणजे आपली नाचणी, पण इंग्रजी शब्द मला येईना. उद्या सांगते म्हणून वेळ मारून नेली.

१२ जाने., गुरुवार
मुख्याध्यापकांनी बोलावलं. जादा वर्गाची चाचणी घ्यायची, पस्तिसाच्या वर गेलेली मुलं वर्गातून कमी करायची. "पक्की झाली की त्यांना सरकारची सुकडी कशाला?" शिवाय हेच मार्क वार्षिक निकालात धरणार आहेत. कोणीच पास झालं नाही तर वर्ग बिनकामाचा, सगळे पास झाले तर वर्गाची गरज नाही. म्हटलं, सर, मग मी नेमकं किती शिकवायचं? ते हसले. मला हसू आलं नाही.
नागली अजून सापडलेली नाही.

१६ जाने., सोमवार
चाचणी झाली. पेपर तपासताना डोकंच फिरलं. रंजना गांगुर्डे, वर्गातली सगळ्यात तल्लख पोरगी, तिला शून्य. गेल्या आठवड्यात फळ्यावर स्वतः सोडवून दाखवलेलं, तेसुद्धा चूक. जोड्या लावा, सगळ्या चूक. ज्याला काही येत नाही त्याची एखादी तरी जोडी नशिबाने जुळते. सगळ्याच चुकवायच्या तर सगळ्या यायला लागतात.
घरभर येरझाऱ्या. हे म्हणाले, बस जरा. बसवेना.

१७ जाने.
रंजनाला मधल्या सुट्टीत धरलं. मग म्हणाली, "पास झाले की वर्ग बंद. वर्ग बंद झाला की सकाळी पण विड्या."
आई घरी विड्या वळते. र.ने पानं कापायची, दोरा बांधायचा. शाळा सुटल्यावर रोज तेच. सकाळ तेवढी सुटते, कारण बापाला सांगून ठेवलंय की सरकारी वर्ग आहे, चुकवला तर नाव कापतील. सकाळी सातला इथे येते, तेवढाच तिचा अभ्यास. पुढच्या वर्षी दहावी.
"आणि वार्षिकला?"
"तेव्हा पास होणार होते ना, बाई."
हे मार्क वार्षिकात धरतात हे तिला माहीतच नव्हतं. नववी नापास झालीस तर? "मग घरीच." असं म्हणाली, जसं काही उद्या रविवार आहे.
मी म्हटलं, "तू पास हो. सकाळचं मी बघते." बोलून गेले. काय बघणार आहे, देव जाणे.

१९ जाने., गुरुवार
मु.अ.ना सांगितलं, चाचणीच्या दिवशी पोरीला ताप होता. चक्क खोटं. पुन्हा पेपर द्यायला मिळाला. लिहून झाल्यावर र.ने तो माझ्या हातात दिला आणि सोडेचना. मग सोडला. वर्गात पहिली आली.

२१ जाने., शनिवार
पास झालेली पाच मुलं वर्गातून कमी. म्हटलं, मी त्यांना बाहेर ओट्यावर घेते, सुकडी नको, काही नको. मु.अ. म्हणाले, "बाई, हे नियमात बसत नाही." म्हटलं, सर, सतरंजीवर बसतील. सतरंजी माझ्या घरची आहे. काही बोलले नाहीत. म्हणजे हो, असं मी धरलं.

२३ जाने., सोमवार
ओटा सुरू. आतल्यांना लिहायला द्यायचं, बाहेर येऊन धडा घ्यायचा, आत गलका झाला की परत आत. एक पाय उंबऱ्याच्या अलीकडे, एक पलीकडे. चौघं आले. र. नाही.
दुपारच्या शाळेत दिसली. मान वर केली नाही.

२५ जाने., बुधवार
आजही नाही. शाळा सुटल्यावर तिच्या घरी गेले. वस्तीत विचारत विचारत. आई दारात, मांडीवर सूप. "बसा बाई." बोलताना हात थांबत नव्हते.
म्हटलं, वर्ग चालू आहे, तिला पाठवा.
"त्या वर्गाला सरकारचा शिक्का व्हता, बाई. म्हणून हिच्या बापाला काय बोलता येत नव्हतं. आता ओट्यावरच्या वर्गाचं त्याला काय सांगू? पोरगी पयली आली म्हणून वस्तीत पेढे वाटले त्यानं. लय खुश हाय. म्हणतो, पक्की झाली, आता सकाळी आईला हात देऊ दे."
मी चहा घेतला. नाही कसं म्हणणार? त्यांच्या घरात आनंद होता आणि तो मीच आणला होता.
र. कोपऱ्यापर्यंत सोडायला आली. बोटं तंबाखूने पिवळी.
"बाई, परत नापास होता येईल का?"
मला भर रस्त्यात रडू आलं. स्वतःचा इतका राग कधी आला नव्हता.

२८ जाने., शनिवार
मु.अ.ना विचारलं, पास झालेल्याला परत कच्चं धरायचा काही नियम आहे का? म्हणाले, "बाई, तुम्ही दोन दिवस रजा घ्या." रजा घेऊन काय करू? घरी बसवत नाही म्हणून तर सगळं चाललंय. मग म्हटलं, निदान ओट्याच्या वर्गाची एक चिठ्ठी द्या, शाळेच्या शिक्क्याची. "बघू," म्हणाले.

३० जाने., सोमवार
चिठ्ठी नाही. मु.अ. अजून बघतायत.
धडा निम्म्यावर आला होता. र. आली. काखेत टोपली, वर फडकं. कारखान्यात विड्या द्यायला निघालेली. ओट्याच्या पायरीखाली उभी राहिली.
"बस ना."
"नको बाई. बसले की उठायला उशीर होतो."
उभ्यानेच ऐकत राहिली. चौघांना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर खालून तिनेच दिलं. तेवढ्यात आतून मंगळू ओरडला, "बाई, नागली!" तो काही सोडत नाही. त्याला गप्प करून बाहेर आले, तर पायरी रिकामी.
उरलेला धडा घेतला नाही. चौघांना सांगितलं, खडू संपला, पुढचं उद्या.
खडू माझ्या हातातच होता.