मोहारा म्हणजे आमिष नव्हे

रोसारिओ, रविवार सकाळ

आदरणीय हर्मिनियाताईस,

धाकट्या एवारिस्तोचा सप्रेम नमस्कार. कोर्दोबाची हवा तुला मानवली असेल, गुडघा कुरकुरत नसेल आणि नवी नात आईसारखी रडकी न निघता आजीसारखी ठाम निघाली असेल, अशी आशा आहे. इकडे आम्ही मजेत. रुफिनो भावोजीही मजेत (तू गेल्यापासून रोज आमच्याकडेच जेवतात, तेव्हा ही बातमी खात्रीची समज). पण आज लिहायला बसलो तो तब्येती कळवायला नव्हे. काल तुझ्या भावाने नदीच्या धक्क्यावर असं भाषण केलं की गोदी कामगारांच्या संपानंतर या शहराने तसं ऐकलेलं नाही. आणि ताई, मी जिंकलो.

आमच्या बैठकीत माशांची काचेची टाकी आली, हे तुझ्या भावजयीने, नेलिदाने, तुला फोनवर सांगितलंच असेल; आता ते माझ्या तोंडून ऐक. दुकानदार मला झुलत्या पंखांचे परदेशी मासे दाखवत होता. पाणी जरा गार झालं की त्यांना म्हणे मूर्च्छा येते. मी जन्मभर ऐतखाऊंविरुद्ध बोललो, ते काय म्हातारपणी त्यांना घरात पोसण्यासाठी? तडक पाराना नदीकाठी गेलो आणि आपल्या मोहारा धरून आणल्या. बोटाएवढी चंदेरी मासोळी, तांबडे पर, शेपटीपाशी काळा ठिपका. गार पाणी चालतं, टाकाल ते खाते आणि दिवसभर टाकीच्या या टोकाकडून त्या टोकाकडे अशी धावते, जणू पलीकडे सभा भरली आहे. आधी दोनच आणल्या होत्या, तर दोघी एकमेकींच्या शेपट्या कुरतडत बसल्या. मग टाकीभर आणल्या, आणि काय सांगू, भांडण बंद, सगळ्यांचं तोंड एका दिशेला. संघटनेचा हा पुरावा मी चाळीस वर्षं पुस्तकांत शोधत होतो (नेलिदाने हौसेने लावलेली पाणवनस्पती त्यांनी मुळासकट फस्त केली, हे खरं. "तुझ्या चळवळीने माझी बाग खाल्ली," असं ती म्हणाली. चळवळीला किंमत मोजावी लागते, असं मी म्हणालो. त्या रात्री जेवण थंड मिळालं).

भावोजी रोज जेवण झालं की आपल्या कडू 'माते' चहाचा पेला घेऊन टाकीसमोर बसायचे. एकदा म्हणाले, छान पोसल्या आहेस, अजून जरा भरू देत. मला वाटलं, गळ टाकण्यात हयात घालवलेला हा माणूस अखेर विरघळला. ताई, तुझा नवरा तुला माहीत आहे. काल भल्या सकाळी ते बादली घेऊन आले, सगळ्या मोहारा जाळीने उपसल्या आणि दारात झोपाळलेल्या नेलिदाला सांगून गेले की माझ्यासाठी घरात जिवंत आमिष पाळणारा मेहुणा लाखात एक. आता त्यांचंही काय चुकलं? या गावात मोहारा दिसली की लोकांना गळच आठवतो. हवेचा पंप लावून बादलीत त्या सगळेच ठेवतात. मी काचेत ठेवल्या, एवढाच त्यांना फरक दिसला.

मी उठलो तर टाकीत नुसते बुडबुडे. तसाच पायजम्यावर धावत धक्का गाठला. भावोजी गळ टाकून बसले होते (एक मोहारा आधीच कामी आली होती, तिच्याविषयी लिहवत नाही). मी उलट्या खोक्यावर चढलो. नदी कुणाची, इथपासून सुरुवात केली. जो दुबळा दिसतो त्याला आमिष म्हणायचं, हीच जगातली सगळ्यात जुनी लबाडी, असं म्हणालो तेव्हा शेजारच्या तिघांनी गळ वर ओढले. भावोजी मात्र शांतपणे म्हणाले,

"सगळं पटलं रे. पण आमिषाला आमिष नाही म्हणायचं, तर काय म्हणायचं?"

आणि ताई, मी खोक्यावरून उतरलो. इतकी पुस्तकं वाचली, एकातलंही वाक्य आठवेना. बादलीत त्या सगळ्या अजूनही एकाच दिशेला तोंड करून होत्या.

"घरच्या आहेत त्या, भावोजी," एवढंच बोललो.

त्यांनी बादलीत वाकून पाहिलं. "मग आधी सांगायचंस की, गाढवा. घरच्यांना कोण गळाला लावतं?" असं म्हणून त्यांनी स्वतःच बादली उचलली, ऊन लागू नये म्हणून वर आपली टोपी धरली आणि भर बाजारातून माझ्यापुढे चालत घरी आणली. या क्षणी मंडळी टाकीत धावताहेत. विजय पूर्ण आहे.

नातीला आशीर्वाद.

तुझा,
एवारिस्तो

ता. क. - जी एक कामी आली, तिच्यावर धक्क्यावरच एक भलामोठा दोरादो मासा लागला. नेलिदाने तो निखाऱ्यावर लिंबू पिळून भाजला. मी तत्त्व म्हणून नको म्हटलं. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा पोटाकडचा तुकडा घेतला.

ता. क. २ - भाषणाचा परिणाम माझ्या अंदाजापेक्षा खोल झाला आहे. भावोजींनी कालच संध्याकाळी स्वतःची टाकी आणली, आमच्या टाकीच्या दुप्पट. ती तुझ्या जेवणघरात, आईच्या काचेच्या कपाटाच्या जागी आहे. कपाट अंगणात आहे, पण वर चादर घातली आहे. हे तुला कळवू नये असं त्यांनी मला बजावलं होतं. तू येशील तेव्हा माझं नाव न काढता त्यांना माफ करावंस, एवढ्यासाठीच हे पत्र.