कोंडाबाईचा नेम

१२ मार्च १९८३

आलो एकदाचा. उदगीर स्टेशनावर उतरलो तेव्हा जीपवाला तोंड उघडं टाकून झोपला होता. त्याला बुटाच्या टोकानं उठवलं आणि पहिला धडा तिथंच दिला. लातूर जिल्हा होऊन अजून वर्ष झालेलं नाही. कचेरीत खुर्च्या कमी, पाट्यांचा रंग ओला आणि त्यातच हा दुष्काळ. तोफखान्यातला निवृत्त मेजर त्यांना कशाला हवा, तर टँकरच्या रांगा सांभाळायला. हसू आलं खरं, पण घरी बसून सासुरवाडीच्यांची तोंडं बघण्यापेक्षा हे लाख पटीनं बरं.

बोरमाळ गावचा सरकारी बंगला झकास आहे. निजामाच्या वेळचा, जाड भिंतींचा. पुढं ओटा, मागं सिमेंटचा हौद. समोर उघडी टेकडी, तिच्या पायथ्याशी एक वस्ती, अलीकडं रस्ता, आणि बंगल्यामागं बाभळी. गुंडप्पा हा इथला चौकीदार, स्वयंपाकही तोच करतो. कपाळाला भस्म, बोलणं थोडं. त्याला टेकडी दाखवून सांगितलं की लढाईत अशाच जागी आमचा एक माणूस दुर्बीण घेऊन बसतो, गोळा कुठं पडला ते मागच्या तोफांना कळवतो. तो हाव हाव म्हणाला आणि भाकरी थापायला गेला.

माझा डावा कान तोफांनी केव्हाच खाल्लाय. सोयीचा आहे. नको ते ऐकायचं नसलं की मी तो पुढं करतो.

१९ मार्च

रांग आता रांगेसारखी दिसते. चुन्याची रेघ मारलीय. रेघेबाहेर घागर दिसली की ती उपडी करायची. आठवड्यात सगळे सुतासारखे सरळ झाले. टँकर आधी माझा हौद भरतो, मग गाव, मग टेकडीखालची वस्ती. अधिकाऱ्यानं अंघोळ करू नये काय? शिवाय ओट्यापुढं मी झेंडू लावलाय, त्यालाही पाणी लागतं.

वस्तीतली कोंडाबाई म्हणून एक बाई रांगेत नेहमी पुढं असते. विधवा, काटक, तोंडानं फटकळ. आज टँकरला उशीर झाला तेव्हा तिनं भर रांगेत विचारलं की साब, तुमी तोफा डागत हुता म्हणतेत, मंग जो माणूस दिसतच न्हाई त्याला गोळा लागतो कसा. प्रश्न चांगला होता. गुंडप्पाच्या खिशातले हरभरे घेऊन जमिनीवर मांडून दाखवलं. पहिला गोळा निशाणाच्या पलीकडं टाकायचा, दुसरा अलीकडं. मग मधलं अंतर निम्मं करायचं, पुन्हा निम्मं, असं आवळत आणायचं. याला आम्ही ब्रॅकेट म्हणतो. निशाण नेमकं मध्ये सापडलं की मग सगळ्या तोफा एकदम.

बाईनं हरभरे उचलले आणि एकदाही न चुकता तस्संच मांडून दाखवलं. देवळालीच्या तोफखाना शाळेत मी ज्या पोरांना शिकवलं त्यांतल्या निम्म्यांना हे इतक्या लवकर जमलं नव्हतं. मग तिनं विचारलं की समद्या संगं पडल्यावर मान्साचं काय उरतं. मी म्हणालो, मला काय ठाऊक, उभ्या नोकरीत मी एकदाही बघायला गेलो नाही. रांगेत कुणी हसलं नाही, मीच हसलो.

२ एप्रिल

आज वस्तीजवळ कुणीतरी टँकरवर दगड मारले. टँकर माझा हौद भरायला येत होता. ड्रायव्हर सांगतो, पहिला दगड टँकरच्या पलीकडं गेला, दुसरा अलीकडं पडला, तिसऱ्यानं काच फुटली. मारणारा कोण, ते वस्तीत कुणी सांगेना. ठीक आहे. नाव कळेपर्यंत वस्तीचं पाणी बंद. गुंडप्पा चाचरत काहीतरी म्हणाला, लेकरं हायेत तितं, असं काहीसं. मी डावा कान त्याच्याकडं केला.

७ एप्रिल

कोंडाबाई ओट्यापर्यंत आली. रिकामी घागर पायरीवर उपडी ठेवली आणि म्हणाली की साब, झेंडूला घालता तेवडं तरी द्या. मी नाव मागितलं. ती थोडा वेळ झेंडूकडं बघत उभी राहिली आणि घागर तशीच टाकून गेली. बाई हट्टी आहे. हट्टी माणसं मोडायला मला आवडतात, खोटं कशाला लिहू.

९ एप्रिल

वस्तीचा जुना आड आहे, आटलेला. तळाशी चिखल राहिला होता. तो वाटीवाटीनं खरवडायला कोंडाबाई दोर लावून उतरली आणि आडाची कड ढासळली. सकाळी माणसं पळत आली. ती आत जिती हाय, आवाज देऊन राहिली, टँकरचा साखळदंड अन् चार माणसं द्या, असं म्हणत होती. मी म्हणालो, देतो, आधी दगड मारणाऱ्याचं नाव. शिस्त अशा वेळीच कळते. इथं सैल सोडलं की पुढं कुणी विचारत नाही. नंतर मी स्वतः आडापर्यंत गेलो. बाया रडत होत्या. खालून काही येत असावं. मी डावा कान तिकडं करून उभा राहिलो.

दिवस कलल्यावर वस्तीतला म्हातारा व्यंकटी आला आणि त्यानं नाव सांगितलं. दगड कोंडाबाईनंच मारले होते. मी शब्दाचा पक्का, साखळदंड लगेच पाठवला. पण तोवर खालचा आवाज थांबला होता आणि उरलेला आडही बसला. वरून माती लोटून घेतली. अहवालात अपघात लिहिला. वस्तीचं पाणी उद्यापासून सुरू.

१६ एप्रिल

दुपारी जेवताना जमिनीतून धाडकन आवाज आला, मोठी तोफ डागावी तसा. ताट हललं. गुंडप्पा म्हणाला की भुई बोलून राहिली साब, दुष्काळात बोलतीच. बाभळींच्या पलीकडं जमीन खचलीय. वाटोळा, खोल, कोरडा खड्डा. एक बाभूळ आख्खी आत गेली. गंमत म्हणजे आवाज मला डाव्या कानात आला. डॉक्टरला लिहायला हवं.

१९ एप्रिल

पुन्हा दुपारी. या वेळी बंगल्याच्या पुढं, रस्त्यापलीकडं, तसाच खड्डा. वाकून बघितलं. कडेनं घडीव दगड बसवलेत, आडाला असतात तसे, आणि दगडांवर दोराचे वळ. इथं आड कधीच नव्हता, गुंडप्पा देवाची शपथ घेऊन सांगतो.

टेकडीवर एक बाई उन्हात बसलेली दिसते. गुंडप्पाला दिसत नाही. त्याचे डोळे अधू झालेत.

२१ एप्रिल

एक मागं. एक पुढं. आज परत मागं, पण जवळ, हौदावर. हौद पाण्यासकट गेला. अंतर बरोबर निम्मं. स्वतः चालून बघितलं, दोनदा. ही भुई बोलत नाही. हे माझंच काम आहे, जन्मभर मी हेच केलं. कुणीतरी या बंगल्यावर ब्रॅकेट आवळतंय.

आणि आवाजाच्या जरा आधी डाव्या कानात एक बाई बोलली. घाई नाही, राग नाही. पल्याड. निम्मं.

२२ एप्रिल

डोकं ठिकाणावर ठेवून विचार केला. निशाण बंगला आहे. मी बंगल्यात नसलो की झालं. पण जागा रिकामी दिसली तर टेकडीवरून कळेल. म्हणून गुंडप्पाला सांगितलं, बायकोला घेऊन बंगल्यात राहा, माझ्या पलंगावर झोप. तो पाया पडला. त्याची शिवम्मा रडायलाच लागली, की असा साब कुटं बगितला न्हाई. मी उदगीरला चाललोय. आडत बाजारात माडीवरची खोली मिळाली.

२४ एप्रिल, उदगीर

बाजाराच्या मागं. भर दुपारी. ज्वारीची गाडी बैलांसकट आत — काठाशी गेलो नाही. गुंडप्पाचा निरोप आला, बंगला खुशाल, तिकडं भुई गप्प.

बंगला नव्हताच. निशाण मी.

२५ एप्रिल

आज अलीकडं. दुकानांपुढं. माणसं शटर ओढून पळतायत.

समोर किल्ल्याच्या बुरुजावर ती बसलीय. मांडीवर हरभरे आहेत, एकेक उचलून मांडतेय. इतक्या लांबून हरभरे दिसायला नकोत. दिसतात. तिची घागर माझ्या जिन्याच्या पायरीवर उपडी आहे. मी आणली नव्हती.

भीती वाटते. खूप भीती वाटते.

२६ एप्रिल

सापडलं. आपल्या माणसांवर कुणी गोळा टाकत नाही. नेम तिचा पक्का, पण तिची माणसं जिथं आहेत तिथं ती कशी — वस्तीत जातो. तिच्याच घरात. तिच्या सुनेच्या, नातवंडांच्या मधोमध बसतो. टाक म्हणावं आता.

२७ एप्रिल, वस्ती

बसलोय. कुणी हाकललं नाही. तिची नात मांडीवर घट्ट धरलीय, रडतेय, सोडणार नाही. व्यंकटीनं तांब्याभर पाणी पुढं ठेवलं.

दुपार

एक झाला. घरांच्या पलीकडं. कुणी ओरडलं नाही. सगळे उठले — भांडी, शेळ्या, पांघरुणं — कुणी हाक मारल्यासारखे. मला डाव्या कानात येतं ते यांना दोन्ही कानांनी — सरका म्हणते, लांब सरका, माज्या लेकरानो —

सुनेनं माझी बोटं सोडवली. एकेक करून. पोर नेली.

व्यंकटीचे पाय धरले. मला पण न्या. तो म्हणाला, नेतो की साब, आदी नाव सांगा. तिला आडात कुनी ठिवलं त्याचं. मी म्हणालो अपघात. तो पाय सोडवून गेला.

अपघात का म्हणालो —

आता अलीकडं. अंगणात. दाराच्या पुढं काही नाही, नुसता घडीव दगडांचा काठ. बाहेर पाय टाकायला जागा नाही. तांब्यातलं पाणी हलतंय.

व्यंकटीला हाका मारल्या. टेकडीवर सगळे उभे आहेत, तिच्याजवळ. ऐकू जात असणार. एक बाजू माझ्याकडं करून उभे आहेत सगळे. सगळ्यांनी एकच कान —

मध्ये सापडलो.

म्हणते, आता समद्या संगं. थांब. कोंडाबाई थांब, नाव सांगतो, लिहून देतो. तुला आडात ठेवणाऱ्याचं नाव मेजर