बरणीतलं विरजण

इस्लामपूर, सोमवार, दिवेलागण

आज आलं: ओट्सचं पाकीट, नव्वद रुपये. ह्यांनीच जाण्याआधी मागवलेलं. आता कशाला?

माशांच्या पिलांसाठी हे एका बरणीत ओट्सच्या लापशीत बारीक अळ्या वाढवायचे. "तुझं दह्याचं विरजण, तसं माझं हे," म्हणायचे. जुन्यातलं चमचाभर नव्या लापशीत. मी नाक मुरडायची.

काल तेरावा झाला. वन्संनी घरभर गोमूत्र शिंपडलं, त्या बरणीतही. विचारलं तर म्हणाल्या, "आवं वैनी, किडं वळवळत हुतं, म्हणून जरा जास्तच वतलं." त्यांना काय बोलू? भाऊ गेलाय त्यांचा.

बरणीत काहीच हलत नाही. सारखं झाकण उघडून बघते. हे गेल्यावर जन्मलेली पिलं टाकीच्या काचेशी येतात, कोरडं खाणं त्यांच्या तोंडात मावत नाही. देवापुढं बसले, पण जप होईना.

उद्या वन्सं आटपाडीला परत जातील. ह्यांच्या तिथल्या मित्राला त्यांच्याच हाती चिठ्ठी देते: गणपतभावजी, ह्यांनी तुम्हाला या बरणीतलंच विरजण दिलं होतं. त्यातलं चमचाभर जरी जिवंत असलं, तर उलट्या एस.टी.नं निरोप द्या. न्यायला मी येते.