दारावरच्या तीन थापा

८ ऑक्टोबर
पोचलो एकदाचा! घर लहान आहे, पण छप्पर शाबूत, शेगडी पेटते, आणि माझी लेक मारित नदीपलीकडे दोन मैलांवर. मोंटानात एवढं मिळाल्यावर म्हाताऱ्या बापाने कुरकुर करू नये. मागच्या खोलीत आधीच्या मालकाचं, ऑरिनचं, काडतुसं भरायचं टेबल अजून तसंच आहे. त्याचा वजनकाटा माझ्या काट्यापेक्षा चांगला निघाला. शेजारची आर्डिस हकलबेरीचा जॅम घेऊन आली आणि माझं सामान बघून म्हणाली, भांड्यांचं एक खोकं आणि काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्यांची नऊ? खाणार काय, शिसं? बाई तोंडाळ आहे. मला आवडली.

११ ऑक्टोबर
खांद्याच्या ऑपरेशनपासून मारितला बंदुकीचा नेहमीचा धक्का सोसत नाही. तिची काडतुसं मीच हलकी भरतो. या भरण्याला दारू इतकी थोडी लागते की पुंगळी अर्धीही भरत नाही. खरी मेख तिथेच आहे: चुकून दोनदा पडली तरी बाहेर सांडत नाही, आणि मग बंदूकच तोंडाशी फुटते. म्हणून टेबलावर दारूचा एकच डबा, रेडिओ बंद. मध्ये उठावं लागलं तर भरलेलं सगळं परत ओतून पहिल्यापासून. गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत बॅटरीचा उजेड टाकून बघायचं. मारित म्हणते, बाबा, तू ताकही फुंकून पितोस. पितो. पेटीतली वीसच्या वीस सारखी हवीत, नाहीतर भरूच नयेत.

१५ ऑक्टोबर
सकाळी सरावाची वीस भरायला बसलो. तेराव्या पुंगळीला मागच्या दारावर तीन थापा. जड हात होता. उघडलं तर कुणी नाही, अंगणातल्या बर्फावर पाऊलही नाही. नियमाप्रमाणे सगळं परत डब्यात ओतलं. एका पुंगळीतून जरा जास्तच वेळ दारू पडत राहिली असं वाटलं. तोवर ती डब्यात मिसळून गेली होती. दुसऱ्या खेपेला थापा आल्या नाहीत.

१९ ऑक्टोबर
पुन्हा थापा, भर दुपारी, पुंगळ्या भरत असतानाच. पुन्हा सगळं ओतलं. आर्डिसला विचारलं तर तिची थट्टा जागीच विरली. तिने सांगितलं ते असं: ऑरिन भावासाठी काडतुसं भरत होता. कुणीतरी दार वाजवलं. हा उठला, परत आला, आणि सोडलं होतं तिथूनच पुढे भरत गेला. भाऊ डोंगरात गेला तो परत आलाच नाही. पुढे ऑरिन दिवसभर त्या टेबलापाशी बसून असायचा. मेला तोही तिथेच. जाताना आर्डिस माझा हात धरून म्हणाली, “थाप पडली तर उठू नकोस, डेल्बर्ट. तो उठला होता.”
मला भीती वाटते आहे. लिहिलं म्हणजे कमी होईल.

२३ ऑक्टोबर
आज मारितची पेटी. उद्या ती एल्क हरणाच्या शिकारीला जाणार. नवव्या पुंगळीला थापा सुरू झाल्या. उठलो नाही. दार हादरत होतं. मी ओरडलो, मला फसवू नकोस, ऑरिन! हात रिकामा राहिला तर उठेन, या धास्तीने दारू पडली की लगेच गोळी बसवत गेलो. वीस झाली. थापा थांबल्या. दाराबाहेर कुणी रडल्यासारखं — वारा असेल.
संध्याकाळी मारित आली. नेहमीसारखी, अंगठीने खिडकीच्या काचेवर टिकटिक करत. पेटी नेली, माझा ट्रकही नेला.

२४ ऑक्टोबर, सकाळी आठ
बॅटरी. काल उजेड टाकून बघितलंच नाही. एकाही पुंगळीत नाही.

सव्वाआठ
डब्याचं वजन आधी लिहून ठेवतो. आता पुन्हा केलं. वीस मापं कमी व्हायला हवीत. एकवीस झाली आहेत.
तीनदा वजन केलं. एकवीस. एका पुंगळीत दोनदा पडली आहे.
तो फसवत नव्हता. मी चुकलो की तो थापा मारतो — त्या दिवशीची ती पुंगळी — ऊठ, ओतून टाक, हेच तो सांगत —

साडेआठ
मारितचा फोन लागत नाही. आर्डिस तिची गाडी घेऊन मारितला गाठायला सुसाट गेली. मला म्हणाली, तू इथेच थांब, पोरगी इकडे आली तर?

नऊ
नदीपलीकडून बार. निशाणा तपासते आहे. एक. दोन.
तीन. पुरे, पोरी. पुरे गं.
चार —
पाच —
बराच वेळ काही नाही.
सहा. हा आवाज वेगळा होता. फाटका —

डोंगर गप्प आहे.

दारावर तीन थापा. त्याच, जड. उठतो रे, ऑरिन, या वेळी उठतो —
आणि काचेवर टिकटिक. अंगठीची. ट्रक आलेला नाही. आर्डिस आलेली नाही. बर्फावर पाऊल नाही, एकही नाही, आणि काचेवर ती, हळू, लहानपणी दार उघडेपर्यंत वाजवायची तशी —
आलो, मारित. उठलो बघ. आलो गं, मी आ