ऑक्साइडवरचा तुझा शेवटचा थर

प्रिय श्रीरंग,

उद्या आपलं थर चढवायचं यंत्र उघडणार आहेत. पंपाने मान टाकली आहे, आतली निर्वात पोकळी फार तर उद्यापर्यंत टिकेल. दुरुस्तीसाठी झडप उघडली की हवा आत शिरेल आणि तू केलेली शेवटची फिल्म गंजून जाईल. म्हणून आज लिहायला बसले. तुझ्याशिवाय हे कुणाला सांगू?

विश्वकर्मा पूजेच्या आदल्या संध्याकाळी केलीस ती, आठवतं? मॅग्नेशियम ऑक्साइडच्या चकतीवर लोखंडाचा थर, मोजक्या अणूंच्या जाडीचा. लगेच मोजलास आणि तोंड पाडून बसलास. "परत आडवंच पडलंय गं." एवढ्या पातळ थरातलं चुंबकत्व पृष्ठभागाला काटकोनात उभं राहावं, हा तुझा ध्यास. ते मात्र दर वेळी सुट्टीच्या दिवशीच्या तुझ्यासारखं लोळत पडलेलं. दुसऱ्या दिवशी तू ती काढून टाकून नवी करणार होतास.

पण पूजेच्या दिवशी इथे यंत्राला हात कोण लावू देतंय? प्रयोगशाळेतल्या आपल्या तपनदांनी सकाळीच पंपाला झेंडूची माळ घातली होती. तू फोनवर हुज्जत घातलीस. ते म्हणाले, "आज नहीं, दादा. आज मेशिन आराम करेगा." तू आधी चिडलास, मग हसलास आणि पूजेच्या दिवशी इथे उडतात ते पतंग बघायला गच्चीवर गेलास. तिथूनच कायमचा गेलास.

त्यानंतर मी यंत्राकडे फिरकले नाही. आत तुझी फिल्म आहे, एवढं मला पुरे होतं. बराकपूरहून लोकलने सियालदाला येताना डोळे मिटले की ती दिसायची, काळोखात एकटीच चकाकत. स्वप्नात तर कधी ती हुगळी नदीएवढी पसरायची आणि तू तिच्यावरून अनवाणी चालत पलीकडे निघालेला असायचास. मी हाक मारली की नुसता हात वर करायचास. वळून बघायला काय झालं होतं रे?

परवा तपनदा प्रयोगशाळेतल्या माझ्या खोलीत आले. अजून मला वहिनीच म्हणतात ते. "बौदी, अब खोलना पड़ेगा." म्हटलं, त्याआधी एकदा मोजू द्या. यंत्राच्या खिडकीच्या काचेतून फिल्मवर लेझर टाकला. आणि श्रीरंग, उभं आहे ते! सरळ, काटकोनात. माझा विश्वास बसेना. सगळं पुन्हा जुळवून मोजलं, तरी तेच.

पोकळी कितीही उपसली तरी थोडा ऑक्सिजन आत उरतोच. इतक्या महिन्यांत तो वरून हळूहळू चिकटला असणार. लोखंडाखाली ऑक्साइड होतंच, आता वरही त्याची साय धरली. मी दुसरं काय म्हणत होते? थोडा ऑक्सिजन वरूनही लागू दे, एवढंच ना? तू म्हणायचास, "ऑक्सिजन आपला वैरी आहे. तुझं रसायनशास्त्र घरी ठेव." आता बोल. एवढ्या वर्षांच्या भांडणात मी जिंकले आणि हरल्याचं कबूल करायला तू नाहीस. मला याचा फार राग येतो.

तपनदांनी सुचवलं, पोकळी आहे तोवर वर सोन्याचा पातळ थर चढवू, मग फिल्म हवेतही टिकेल. केवढा मोह झाला म्हणून सांगू! डबीत घालून उशाशी ठेवली असती. पण सोन्याखाली चुंबकत्व पुन्हा आडवं पडणार नाही कशावरून? आणि मी ती डबी उघडून बघत बसेन, नवी फिल्म काही करणार नाही, हे तुलाही ठाऊक आहे. तपनदांना नको म्हणून सांगितलं. ते चहा घेऊन आले.

पंप सुधारला की मी नवा थर करीन आणि वरून ऑक्सिजन अगदी बेताने सोडीन. चुंबकत्व उभं राहिलं तर तो थर आपल्या दोघांचा. नाही राहिलं तर पुन्हा करीन.

पण त्याआधी उद्याचा दिवस आहे. तू गच्चीवर कोसळलास तेव्हा मी खाली भात उतरवत होते. वर पोचले तेव्हा सगळं संपलं होतं आणि आकाशात पतंग तसेच उडत होते. उद्या तसं होऊ देणार नाही. झडप मीच उघडीन. हवा आत जाताना बारीक सुस्कारा ऐकू येतो. तो पुरता थांबेपर्यंत मी हात काढणार नाही.

तुझीच,
मेधा